मेंदूची शिल्लक

सिस्टर मेरी वयाच्या १०१व्या वर्षी वारल्या. अमेरिकेतल्या कॅथलिक नन्सच्या एका संघात त्यांचं आयुष्य गेलं आणि त्यातला मोठा काळ मुलांना शिकवण्यात. अगदी अखेरच्या वर्षांतही स्मरणशक्तीच्या चाचण्यांत त्या उत्तम गुण मिळवत होत्या. मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा मेंदू प्रयोगशाळेत गेला. तिथे जे दिसलं त्याने शास्त्रज्ञ थक्क झाले. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं साचलेली, पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता, आणि दोन्ही भरपूर. अल्झायमरच्या पाठ्यपुस्तकात शोभावा असा तो मेंदू होता. तो कुणाचा हे माहीत नसताना पाहिला असता, तर या बाईंना आज वार कोणता हेही सांगता येत नसणार असाच अंदाज कुणीही बांधला असता.

स्मृतिभ्रंशाबद्दल लोकांना समजावून सांगणं हे माझं काम आहे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात, आशाताईंच्या प्रशिक्षणात, ब्यूरोतर्फे घरोघरी सेवेला जाणाऱ्या मावशींच्या वर्गात मी ही गोष्ट सांगत आले आहे. दर वेळी सांगताना माझा आवाज जरासा बदलतो. कारण आजाराने पोखरलेला मेंदू आणि त्यातून निघणारी लख्ख उत्तरं या दोन गोष्टी एकाच बाईंच्या होत्या. आजार मेंदूत किती आहे आणि माणसात किती दिसतो, यांमध्ये एवढं अंतर पडू शकतं. या अंतरात काय दडलंय, हे समजून घेण्यात माझी नोकरीची वर्षं गेली आणि माझं रोजचं जगणंही त्याने बदललं.

सिस्टर मेरी ज्या अभ्यासात सामील होत्या, तो डेव्हिड स्नोडन यांनी १९८६मध्ये सुरू केला. स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या संघाच्या ६७८ नन्स त्यात आल्या. सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या, आणि सगळ्यांनी मृत्यूनंतर मेंदू देण्याचं कबूल केलेलं. नन्सच का निवडल्या, तर त्यांचं जेवण सारखं, राहणीमान सारखं, विडी-सिगारेट नाही, उत्पन्नाची तफावत नाही. माणसामाणसांत फरक पाडणाऱ्या शंभर गोष्टी आपोआप बाजूला पडल्या आणि जे फरक उरले ते अधिक ठळक दिसू लागले.

आणि मग संघाच्या जुन्या कपाटांत एक खजिना सापडला. या बायकांनी दीक्षा घेताना, म्हणजे विशी-बाविशीत, आपलं छोटं आत्मचरित्र स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं होतं. संशोधकांनी ती पानं बाहेर काढली आणि एकेका वाक्यात किती विचार गुंफले आहेत ते मोजलं. ज्यांची तरुणपणीची वाक्यं अर्थाने भरगच्च होती, त्यांच्यात साठ वर्षांनंतर स्मृतिभ्रंशाचं प्रमाण बरंच कमी निघालं. विशीतलं एक पान ऐंशीतल्या मेंदूबद्दल काही सांगू शकतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसले होते. भरगच्च वाक्यांमुळे मेंदू वाचला, की मुळातच तल्लख मेंदूतून भरगच्च वाक्यं आली, याचा निवाडा त्या पानांवरून होत नाही. तरी आयुष्याच्या सुरुवातीचा आणि शेवटाचा मेंदू एकाच धाग्याने बांधलेला आहे, एवढं त्यातून डोळ्यांसमोर उभं राहतं.

सुमारे १४०० ग्रॅमचा हा अवयव. शरीराच्या वजनाचा जेमतेम ५० वा भाग, पण शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा एकटा खातो. त्यात साधारण ८६ अब्ज चेतापेशी आहेत, आणि एकेक पेशी हजारो इतर पेशींशी जोडलेली असते. अल्झायमरमध्ये साचणारं अमायलॉइड पहिलं लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून गोळा होऊ लागतं. म्हणजे सत्तरीत ज्यांचं विसरणं घरच्यांच्या लक्षात येतं, त्यांच्या मेंदूत पन्नाशीतच काहीतरी सुरू झालेलं असतं. एवढा काळ मेंदू गप्प कसा राहतो? तो गप्प नसतो. तो सतत तजवीज करत असतो. पावसाळ्यात माळशेज घाटात दरड कोसळली की मुंबईहून आळेफाट्याला निघालेली गाडी पुण्यावरून वळून येते. उशीर होतो, पण पोचते. ज्या मेंदूत आयुष्यभर जोडण्या वाढत गेल्या, त्याच्याकडे असे वळसे जास्त असतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले याकोव्ह स्टर्न यांनी या कल्पनेवर अनेक वर्षं काम केलं आहे. आमच्या क्षेत्रात तिला बौद्धिक राखीव साठा म्हणतात. मी शिकवताना सरळ ‘शिल्लक’ म्हणते.

ही शिल्लक कशाने वाढते, याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर आपल्या शेजारच्या हैदराबादमधून आलं. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या निजाम इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३मध्ये निष्कर्ष मांडले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकभाषी लोकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडला होता. साडेचार वर्षं उशीर देणारं औषध आज कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्याहून मोलाची बाब अशी, की कधीच शाळेत न गेलेल्या माणसांतही हा फरक दिसला. घरी दखनी, बाजारात तेलुगू, असं बोलत मोठी झालेली निरक्षर बाई मेंदूला दिवसभर व्यायाम देत होती, आणि तिला किंवा इतर कुणाला त्याची जाणीवही नव्हती. दोनाच्या तीन भाषा झाल्या म्हणून मात्र आणखी लाभ दिसला नाही. इतर देशांतल्या काही अभ्यासांत निकाल इतका स्पष्ट आलेला नाही, हेही मी वर्गात आवर्जून सांगते. तरी सोलापूरला गेले की माझं लक्ष नकळत कानांकडे जातं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि पाहुण्यांशी कन्नड बोलणाऱ्या पद्मशाली घरातल्या आजी, एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना, एक भाषा खाली ठेवून दुसरी सहज उचलतात. ते ऐकताना आत किती पेशी एकाच वेळी कामाला लागल्या असतील, या विचाराने मी भारावून जाते.

मोठ्या वयात मेंदू खरोखर बदलतो का, असा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिलं. तिथे परवाना हवा असेल तर शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. तयारीला तीन-चार वर्षं सहज जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २०००मध्ये दाखवलं, की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या बाजूने आत, मेंदूच्या पोटात असलेला बोटाएवढा भाग. नवी आठवण इथे घडते, वाटाही इथेच लक्षात राहतात. मग शंका आली, की मोठा हिप्पोकॅम्पस असलेलेच लोक टॅक्सीकडे वळत असतील तर? म्हणून त्यांनी उमेदवारांना तयारीच्या आधी आणि नंतर, असं दोनदा तपासलं. २०११मध्ये निकाल आला. सुरुवातीला सगळे सारखेच होते. जे परीक्षा पास झाले त्यांचा तो भाग वाढला होता, आणि नापास झालेल्यांचा वाढला नव्हता. प्रौढ माणसाच्या डोक्यातला एक तुकडा अभ्यासाने आकार बदलतो, यावर तोवर विश्वास ठेवणं भल्याभल्यांना जड जात होतं.

हे वाचल्यावर मी पन्नाशीनंतर मोडी लिपी शिकायला घेतली. सुडोकूचं पुस्तक आणणं सोपं होतं. पण सुडोकू सोडवत राहिलं की माणूस मुख्यतः सुडोकूत तरबेज होतो, असं संशोधन सांगतं. मला अशी गोष्ट हवी होती जिच्यात डोळे, हात, अर्थ आणि चार माणसं एकदम लागतील. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. एकच अक्षरपुंज तीन प्रकारे वाचता येतो, आणि कोणता बरोबर हे पुढची ओळ वाचल्यावर कळतं. आमच्या वर्गात एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांना जमिनीच्या कागदांतले शब्द आधीच ठाऊक. एखाद्या ओळीवर आम्ही सगळे अडलो, की ते चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी नेतात आणि म्हणतात, “अहो, हे ‘बांध’ आहे, ‘बंद’ नाही. पुढे विहीर आलीये बघा.” आणि मग ती ओळ एकदम बोलू लागते. माझ्या मेंदूत किती जोडण्या वाढल्या, ते मोजायला कुणी येणार नाही. पण त्या वर्गातून उठताना डोकं दमलेलं आणि मन ताजं असतं. शिकण्याची ती खूण मला शाळेपासून ओळखीची आहे.

आता कानांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण लोक इथेच सर्वांत जास्त चमकतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी मांडल्या. त्या सगळ्या दूर झाल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा पुढे ढकलले जातील, असा त्यांचा हिशेब आहे. या चौदांत सर्वांत मोठा वाटा दोघांचा, प्रत्येकी सात टक्के. एक म्हणजे मध्यमवयात वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल, आणि दुसरं, कमी झालेलं ऐकू येणं. कानाचा मेंदूशी काय संबंध? असं बघा. ऐकू कमी यायला लागलं, की प्रत्येक वाक्यातला अर्धा भाग मेंदूला अंदाजाने भरावा लागतो. समजून घेण्याला आणि लक्षात ठेवण्याला जी शक्ती हवी, ती नुसतं ऐकण्यातच खर्च होते. शिवाय आवाजाचा खुराक कमी झाल्याने मेंदूचे संबंधित भाग रोडावतात. आणि तिसरी गोष्ट आपण रोज पाहतो. दोनदा “काय?” म्हटल्यावर समोरचा वैतागतो, म्हणून आजोबा तिसऱ्यांदा विचारत नाहीत. मान डोलावतात. हळूहळू ओट्यावर बसणं बंद होतं, लग्नाला जाणं बंद होतं. एकटेपण हे त्या चौदांतलं आणखी एक कारण आहे, आणि कान त्याचं दार उघडून देतो.

अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या ९७७ लोकांवर श्रवणयंत्राची चाचणी झाली, तिचे निकाल २०२३मध्ये आले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. चष्मा लावायला आपल्याकडे कुणी लाजत नाही. कानातलं यंत्र मात्र “म्हातारा झालो असं दिसेल” म्हणून डबीत पडून राहतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि म्हणून ज्येष्ठ नागरिक संघाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी कानाची तपासणी ठेवायला लावते.

बाकीच्या गोष्टी डॉक्टर तुम्हाला सांगतातच. रक्तदाब, साखर, वजन, तंबाखू, दारू, बसून राहणं, डोक्याला मार, नैराश्य, अंधुक दृष्टी. हृदयाला जे मानवतं ते मेंदूला मानवतं, एवढं धरून चाललं तरी पुष्कळ. हेल्मेट घालणं मेंदूच्या आरोग्यात मोडतं, हे मात्र कॉलेजच्या पोरांना कुणीतरी सांगा. त्या यादीत दोन गोष्टी अशा आहेत ज्या एकट्यादुकट्याच्या हातात नाहीत. एक हवेचं प्रदूषण, आणि दुसरी लहानपणी सुटलेली शाळा. चौथीतून घरी बसवलेल्या मुलीने पुढे सत्तर वर्षं काय भोगलं, त्यात आता हेही मोजायला हवं. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांहून जास्त आहे. म्हणून ते ४५ टक्के वाचून कुणी आजारी माणसाकडे बोट दाखवू नये. सिस्टर मेरी एक असतात. सगळं नीट केलेल्या, चार भाषा बोलणाऱ्या, रोज टेकडी चढणाऱ्या माणसालाही हा आजार गाठतो. मी अशी माणसं जवळून पाहिली आहेत.

आणि उलटही होतं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरच्यांनी सोडून दिलेल्या एखाद्या काकूंचं बी-१२ तपासलं, की ते तळाला गेलेलं निघतं. थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यावर कवटीच्या आत साचलेलं रक्त, यांनीही माणूस असाच गोंधळतो, आणि हे सगळं उपचारांनी सुधारू शकतं. विसरणं वाढलं की आधी डॉक्टर, मग बाकी काय ते.

पण शिल्लक संपली, वळसेही बंद झाले, तर? माझ्या कामाचा मोठा भाग इथून पुढे सुरू होतो, आणि मला सर्वांत विलक्षण वाटणारं विज्ञानही इथेच आहे.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. झटके थांबावेत म्हणून डॉक्टरांनी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले. पण त्या दिवसानंतर हेन्रीच्या मनात नवी आठवण टिकेना. नुकतंच भेटून गेलेलं माणूस पुन्हा आत आलं की ते त्याच्यासाठी नवंच असे. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायला येऊ लागल्या. त्यांनी त्याला एक चांदणी गिरवायला दिली, मात्र कागदाकडे न बघता आरशात बघून. करून पाहा, हात हमखास उलटीकडे जातो. हेन्रीचाही गेला. दुसऱ्या दिवशी कमी गेला. तिसऱ्या दिवशी त्याने ती चांदणी सफाईने गिरवली. आणि तिन्ही दिवस त्याचं म्हणणं एकच, की हे काम आपण याआधी कधी केलेलंच नाही.

हात शिकला होता, पण शिकल्याचं मनाला ठाऊक नव्हतं. स्मृती हा एकसंध गठ्ठा आहे ही समजूत तिथे मोडली. काल कोण आलं होतं याची स्मृती वेगळी, पाण्याला पाणी म्हणतात याची वेगळी, आणि सायकल चालवण्याची, पोळी लाटण्याची वेगळी. ही शेवटची मेंदूच्या खोलातल्या गाभ्यांमध्ये आणि मागच्या छोट्या मेंदूत मुरलेली असते. अल्झायमर सहसा हिप्पोकॅम्पसच्या परिसरात आधी शिरतो, म्हणून सकाळचा नाश्ता आधी हरवतो. हातांत मुरलेलं बराच काळ शाबूत राहतं.

एका घरी मी गेले होते, तिथल्या आजींना मुलीची ओळख पटत नव्हती. दिवसभर त्या पदराचं टोक चुरगळत बसत. घरच्यांना वाटे, हा आजाराचाच चाळा. मी ती बोटं बराच वेळ पाहिली आणि मुलीला म्हटलं, कापूस आहे का घरात? तिने देव्हाऱ्याच्या खणातून आणला. आजींनी त्याकडे पाहिलं नाही. हाताला लागल्यावर मात्र एक चिमूट उपटली, सरकी राहिलीय का ते अंगठ्याने चाचपलं, कापूस दोन्हीकडे ओढून लांबवला, डाव्या तळहातावर ठेवला आणि उजव्या तळव्याने एकदाच पुढे रेटला. वात तयार. बारीक, एकसारखी, मधे गाठ नाही. मग दुसरी, मग तिसरी. मुलगी शेजारी बसून करू लागली, तिची वात मधेच जाड आणि टोकाला फुसकी. आजींनी ती उचलली, निरखली आणि म्हणाल्या, “अगं, ओल लाव बोटांना.” मुलगी म्हणून ओळख पटली नव्हती. शिकाऊ म्हणून मात्र त्यांनी तिला लगेच पदरात घेतलं.

हातांइतकीच टिकाऊ आणखी एक गोष्ट आहे. आयोवा विद्यापीठात २०१४मध्ये अल्झायमरच्या १७ रुग्णांना आधी दुःखद आणि नंतर आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले गेले. पाच मिनिटांनी विचारलं, तर पाहिलेलं बहुतेक पुसून गेलेलं. पण दुःख तसंच होतं, आनंदही तसाच होता, अर्ध्या तासापर्यंत. ज्यांना कमी आठवत होतं त्यांच्यात दुःख उलट अधिक रेंगाळलं. याचा अर्थ नीट मनात उतरू द्या. सकाळी नऊला आईवर कुणी ओरडलं. सव्वानऊला आई ते विसरली. पण पोटात खड्डा पडलाय तो आहेच, आणि तो कशामुळे पडला हे तिच्यापाशी नाही. कारण सापडत नाही, म्हणून ती समजूत घालून मोकळीही होऊ शकत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ तुम्ही पाहिला असेल. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यात संस्कृतच्या एका विद्वान प्राध्यापकाच्या भूमिकेत आहेत. अल्झायमर झालेला हा माणूस रस्त्यात हत्ती पाहतो आणि त्याच्या मागे चालू लागतो. माहुताची बायको चन्नम्मा त्याला सांभाळते. त्याची विद्वत्ता तिला ठाऊक नाही, त्याचा आजारही नाही. लेकराला भूक लागलीय एवढं तिला कळतं. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मावशींच्या प्रशिक्षणात मी चन्नम्माबद्दल बोलते, कारण आयोवाच्या प्रयोगाने जे मोजलं ते ती न शिकता करत असते.

आमची काळजीवाहूंची बैठक दर महिन्याला होते. बहुतेक सुना आणि लेकी, थोडे नवरे, अगदी थोडे मुलगे. तिथे एका सूनबाईंनी त्यांच्या आप्पांबद्दल सांगितलं. आप्पा एसटीत कंडक्टर होते. दिवस कलला, की ते अस्वस्थ होतात. या आजारात संध्याकाळी असं पुष्कळांचं होतं. चप्पल घालून दाराची कडी ओढत राहतात, “ड्युटी लागलीये, सोडा मला.” मुलगा समजावायचा, आप्पा, तुम्ही रिटायर होऊन वीस वर्षं झाली. त्यावर आप्पा आणखी भडकायचे. खरंच आहे, ड्युटीवर निघालेल्या माणसाला कुणी वाट अडवून तू आता कामाचा राहिला नाहीस असं सांगितलं, तर तो भडकणार नाही का? एका संध्याकाळी सूनबाई म्हणाल्या, “आप्पा, स्टँडवरून कंट्रोलरचा निरोप आलाय. गाडी डेपोतच आहे अजून. तोवर हिशेब लावून घेता का?” आणि सुट्ट्या पैशांचा डबा, वही, पेन पुढे ठेवलं. आप्पा खाली बसले. दहाची नाणी वेगळी, पाचची वेगळी, चळती लावल्या, वहीत आकडे मांडले. आकड्यांची बेरीज जुळत नव्हती. आप्पांचं मात्र जुळलं होतं. चहा आल्यावर त्यांनी एक चळत मोजून सूनबाईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “वे-बिलावर सही घ्या साहेबांची.”

हे खोटं बोलणं नाही का, असं बैठकीत एकाने विचारलं. या प्रश्नावर आमच्या क्षेत्रात दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलं आहे, आणि तो प्रश्न मला हलका वाटत नाही. औषध चोरून देण्यासाठी, सहीसाठी, आपली सोय पाहण्यासाठी फसवणं मला अमान्य आहे. पण आप्पांच्या मनातला बोलण्याचा विषय “मी कामाचा आहे” हा होता. सूनबाईंनी त्याला उत्तर दिलं, आणि ते उत्तर खरं होतं.

त्या दिवशी बैठक लांबली. एकीचे वडील बँकेत कॅशियर, तिने कागदाच्या पट्ट्यांची बंडलं करून द्यायचं ठरवलं. एकाची बायको शिक्षिका, त्याने जुन्या वह्या आणि लाल पेन काढायचं मनावर घेतलं. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, “आमच्या आईनं आयुष्यात नोकरीच केली नाही. तिला काय द्यायचं?” आप्पांच्या सूनबाईंनी विचारलं, “तिन्हीसांजेला काय करायच्या त्या, दिवा लावून झाल्यावर?” ते गप्प झाले. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिथूनच गावाकडच्या मावशीला फोन लावला. मावशी म्हणाल्या, अरे, गल्लीतली पोरं जमवून पाढे म्हणून घ्यायची ना ती.

पुढच्या बैठकीला ते गृहस्थ वेळेच्या आधी येऊन बसले होते. आईसमोर त्यांनी नुसतं ‘बे एके बे’ म्हटलं होतं. आईने बे सोडून दिला. पावकी म्हटली, निमकी म्हटली, पाऊणकी म्हटली, आणि मग मुलाच्या गुडघ्यावर थाप मारून त्याला औटकी म्हणायला सांगितली. औट म्हणजे साडेतीन, हे या इंजिनियर मुलाला साठीत पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी आईपुढे बसतात. औट एके औट, औट दुणे सात, इथपर्यंत त्यांचं बिनचूक येतं. औट त्रिकला ते अडखळतात, आणि आई त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावते.